‘कळवतो’ म्हणालात ना, मग कळवा

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून एक नवा नियम लागू झाला. २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखती घेतल्या असतील, तर मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला त्याच्या शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत ‘या जागेचा निर्णय झाला की नाही’ हे कळवावे लागते. समोर बसवून सांगा, पत्र लिहा, ईमेल करा, पण सांगा; आणि सांगितल्याची नोंद ३ वर्षे जपून ठेवा. निवड का झाली नाही, याचे कारण देण्याची सक्ती मात्र नाही. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागात नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलामुलींनी हा ४५ दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी कायदा करावा लागला, यावरून दुखणे किती पसरले आहे ते कळते. भारतात खासगी कंपन्यांवर असे बंधन नाही. इथे सगळी भिस्त कंपनीच्या सवयीवर आणि उमेदवाराच्या सावधपणावर. म्हणून या लेखातला पहिला आणि मोठा भाग मुलाखत घेणाऱ्यांसाठी आहे: हिंजवडीतल्या एचआरसाठी, भोसरी-चाकणच्या कारखानदारांसाठी, शाळेच्या संस्थाचालकांसाठी, दोन-चार माणसे ठेवणाऱ्या सीएच्या ऑफिससाठी. उत्तर त्यांच्याकडे असते आणि उमेदवार ते मिळेपर्यंत अडकून पडतो.

एके काळी नोकरीच्या अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट मागवत. काही सरकारी जाहिरातींत ती अट अजूनही भेटते. नकाराच्या पत्राचा टपालखर्चसुद्धा उमेदवाराच्या खिशातून जायचा, पण ते पत्र यायचे. आता निरोप पाठवायला पैसा लागत नाही, आणि तरी तो येत नाही. असे का होते, हे कंपनीच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

आयटी कंपनीचेच घ्या. एका जागेसाठी तीन राउंड झाले, पॅनेलने पहिला उमेदवार पक्का केला आणि ऑफर रिलीज झाली. त्या उमेदवाराचा सध्याच्या कंपनीतला नोटीस पिरियड ९० दिवसांचा. या तीन महिन्यांत तो हातातली ऑफर दाखवून आणखी दोन ठिकाणी बोलणी करतो, कारण बाजारात सगळेच तसे करतात. तो जॉइन होईल याची एचआरला खात्री नसते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘नाही’ म्हणायचे टाळले जाते. त्याला ‘हो’ही म्हणता येत नाही. मग त्याचा फोन आला की ‘प्रोसेस सुरू आहे’ एवढेच ऐकवले जाते. तिसरा, चौथा, पाचवा उमेदवार तर कोणाच्या यादीतही उरत नाही. मधेच बजेट अडकते, जागा होल्डवर जाते, किंवा ज्या मॅनेजरला माणूस हवा होता तोच कंपनी सोडतो. कन्सल्टन्सीमार्फत भरती असेल, तर तिचे पैसे निवडलेला माणूस रुजू झाल्यावरच मिळतात. न निवडलेल्यांना निरोप देण्यात तिला कसलाही फायदा नसतो.

छोट्या उद्योगात कारण वेगळे. तिथे एचआर नावाचा विभाग नसतो, मालकच मुलाखत घेतो आणि लगेच मशीनकडे धावतो. बायोडेटाचे कागद ड्रॉवरमध्ये जातात. शिवाय तोंडावर नकार द्यायला अनेकांच्या जिवावर येते. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून माणसे गप्प बसतात आणि त्याला महिनाभर टांगून ठेवतात. यात दुष्टावा क्वचितच असतो. पण गावाकडून एसटीने येऊन मुलाखत दिलेल्या, पुढच्या महिन्याचे खोलीचे भाडे भरायचे की घरी परतायचे या विचारात असलेल्या मुलाला तुमच्या हेतूशी काय करायचे आहे? त्याला उत्तर हवे आहे.

ज्यांना माणुसकीचा मुद्दा पुरेसा वाटत नाही, त्यांच्यासाठी हिशेबाचाही एक दाखला आहे. ब्रिटनमधल्या व्हर्जिन मीडिया या केबल आणि इंटरनेट कंपनीने काही वर्षांपूर्वी आपल्याकडे नाकारल्या गेलेल्या उमेदवारांची माहिती तपासली. त्यातले बरेच जण कंपनीचेच ग्राहक निघाले. भरतीत आलेल्या वाईट अनुभवामुळे सुमारे साडेसात हजार ग्राहकांनी जोडणी बंद केली आणि त्यातून वर्षाला सुमारे ४४ लाख पौंडांचे नुकसान होते, असा हिशेब कंपनीनेच मांडला. त्यानंतर तिथे मुलाखती घेणाऱ्यांना उमेदवारांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण देण्यात आले.

आपल्याकडे इचलकरंजीचा सूतगिरणीवाला किंवा नाशिकचा औषध कारखानदार असा हिशेब मांडणार नाही. पण एकाच एमआयडीसीत दहा वर्षे माणसे भरणाऱ्याला हे ठाऊक असते की, आज नाकारलेला फिटर उद्या त्याच्या ग्राहकाच्या कारखान्यात सुपरवायझर झालेला असू शकतो. आयटीआयच्या एका तुकडीत कोणी कसे वागवले, हे सगळ्या तुकडीला कळते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. सगळ्यात महत्त्वाचे काम मुलाखतीच्या खोलीतच उरकते. उमेदवार उठण्याआधी त्याला एक तारीख सांगावी. ‘लवकरच कळवू’ याला काही अर्थ नाही. ‘आमच्या अजून तीन मुलाखती आहेत, २० तारखेपर्यंत तुम्हाला होकार किंवा नकार कळेल, तोवर काही विचारायचे असेल तर या नंबरवर या व्यक्तीला विचारा,’ असे सांगायला वीस सेकंद लागतात. तारीख सांगताना आपल्या अंदाजात चार दिवस वाढवून सांगावी. आणि २० तारीख उजाडली तरी निर्णय नसेल, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात: निर्णय झालेला नाही, आता ३० तारीख धरा. उशीर उमेदवाराला समजतो. २० तारीख काहीही न कळता उलटून गेली की त्याचा विश्वास उडतो.

दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, आणि तिथेच सर्वाधिक खोटे बोलले जाते. त्याला खरे सांगितले तर तो निघून जाईल, ही भीती असते. पण तो नाही तरी दुसरीकडे मुलाखती देतच असतो; तुमच्या गप्प बसण्याने तो थांबत नाही. त्यापेक्षा फोन करून सांगावे की आम्ही एका व्यक्तीला ऑफर दिली आहे, ती आली नाही तर तुमचा विचार नक्की करू, अमुक तारखेपर्यंत चित्र स्पष्ट होईल, तोवर तुम्हाला दुसरी चांगली संधी आली तर जरूर घ्या. असा फोन आलेला उमेदवार दोन महिन्यांनी बोलावले तर येण्याची शक्यता जास्त असते, कारण त्याला अंधारात ठेवलेले नसते.

नकार कसा द्यायचा? नुसता अर्ज आलेल्यांना सिस्टिमचा ठरावीक ईमेल चालतो. एक मुलाखत दिलेल्याला त्याच्या जागेचा आणि मुलाखतीच्या दिवसाचा उल्लेख असलेला ईमेल जावा. तीन-चार राउंड देऊन शेवटपर्यंत पोचलेल्याला फोनच करावा आणि तोही ज्याने मुलाखत घेतली त्याने, मग ईमेल पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सॉरी, नॉट सिलेक्टेड’ एवढे टाकून मोकळे होऊ नये. ईमेल लांब असण्याची गरज नाही. पुढच्यासारखा मजकूर पुरतो:

‘नमस्कार. १२ तारखेला प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या जागेसाठी आपण मुलाखतीला आलात, त्याबद्दल आभार. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरवर दोन वर्षे प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती आम्हाला हवी होती. तो अनुभव आपल्याकडे सध्या कमी आहे. शॉप फ्लोअरच्या कामाची आपली माहिती आम्हाला चांगली वाटली. आपला बायोडेटा पुढील सहा महिने आमच्याकडे ठेवण्यास आपली हरकत नसेल, तर या ईमेलला तसे उत्तर द्यावे.’

यात निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आला आहे, हे पाहावे. आधी कंपनीची थोरवी, मग उमेदवाराचे कौतुक आणि शेवटी ‘परंतु’ अशी रचना वाचणाऱ्याचा छळ करते. कारण एकच दिले आहे, कामाशी जोडलेले आणि उमेदवाराला सुधारता येण्याजोगे. चांगली वाटलेली गोष्ट खरी असेल तरच लिहावी. ‘भविष्यात नक्की संधी देऊ’ हे वाक्य तर मनात नसताना कधीच लिहू नये. लोक त्यावर विसंबतात. बायोडेटा ठेवायची परवानगी मागणे ही आता नुसती सभ्यता राहिलेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसून टाकावी, हा त्या कायद्याचा गाभा आहे.

कारण द्यावे की देऊ नये, यावर एचआरमध्ये कायम वाद असतो. वकील सांगतात, काही लिहू नका. या भीतीला आधार आहे. लग्न ठरले आहे का, मूल किती लहान आहे, असल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणी स्त्री उमेदवाराला नाकारत असेल, तर ते कारण लिहिणे त्याला अडचणीचेच ठरेल. वेतन संहितेनुसार सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करता येत नाही. पण अशा वेळी दुरुस्त करायची ती निवडीची पद्धत. पत्र गाळल्याने दोष जात नाही.

शिवाय गप्प बसणे दर वेळी सुरक्षित असतेच असे नाही. जर्मनीतल्या एका कंपनीने रशियात जन्मलेल्या, पंचेचाळिशीच्या एका महिला अभियंत्याचा अर्ज मुलाखतीला न बोलावताच नाकारला. दुसऱ्या कोणाला घेतले का, कोणत्या निकषावर, हे तिने विचारले. कंपनीने काहीच सांगितले नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले. २०१२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की ही माहिती मागण्याचा हक्क तिला नाही, पण कंपनीने कोणतीही माहिती देण्यास नकार देणे हा भेदभावाचा अंदाज बांधताना विचारात घेण्याजोगा एक मुद्दा असू शकतो. तो निकाल भारताला लागू नाही. तरी काही न बोललो म्हणजे सुटलो, असे मानणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

सरकारी भरतीचे चित्र वेगळे आहे. तिथे वर्षानुवर्षे रखडणाऱ्या प्रक्रियेने मुलांचे उमेदीचे दिवस खाल्ले, हे सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत ऐकायला मिळेल. पण निकाल लागल्यावर काय कळते, याबाबतीत यूपीएससी खासगी कंपन्यांच्या बरीच पुढे आहे. नागरी सेवा परीक्षेत लेखीचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ असे २,०२५ गुण असतात, आणि अंतिम निकालानंतर निवड न झालेल्यालाही आपले मुलाखतीचे गुण कळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलाखतीपर्यंत पोचून थोडक्यात हुकलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असेल तर, इतर नोकरदात्यांसाठी खुली करण्याची योजना २०१८ पासून आहे. २०२५ मध्ये ती ‘प्रतिभा सेतू’ या नावाने पोर्टलवर आली. नकार देताना पुढची वाट दाखवण्याचा हा चांगला नमुना आहे, आणि मोठ्या खासगी कंपन्यांनाही तो आपल्या समूहातल्या इतर कंपन्यांपुरता सहज उचलता येईल. इतर सरकारी भरतीत गुण कळले नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला तो सरसकट लागू होत नाही, असे त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले.

उमेदवाराच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. मुलाखत घेणाऱ्याने तारीख सांगितली नाही, तर निघताना आपण विचारावी: ‘सर, निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे? आणि चौकशी कोणाकडे करू?’ यात आगाऊपणा काही नाही. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा आभाराचा ईमेल पाठवावा आणि त्यात सांगितलेल्या तारखेचा उल्लेख करावा, म्हणजे ती लेखी राहते. तारीख उलटली की दोन कामाचे दिवस थांबून एक आठवण द्यावी. ‘काही अपडेट आहे का?’ असे मोघम विचारले की मोघमच उत्तर येते. त्याऐवजी लिहावे: ‘१२ तारखेच्या मुलाखतीचा निर्णय २० पर्यंत अपेक्षित होता. दुसऱ्या एका कंपनीला मला २७ तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. त्याआधी आपला निर्णय कळू शकेल का?’ दुसरी ऑफर खरोखर असेल तरच हे लिहावे, कारण लगेच ‘दाखवा’ असे म्हणणारे असतात. आठवड्याने आणखी एक ईमेल. त्यालाही उत्तर नाही आले, तर ती जागा मनातून काढून टाकावी. रोज फोन करून, लिंक्डइनवर मॅनेजरला गाठून निकाल बदलत नाही. आणि एका जागी उत्तराची वाट पाहत बाकीचे अर्ज थांबवणे, ही नवख्यांकडून सर्रास होणारी सर्वांत महाग चूक आहे.

नकार आला तर उत्तर द्यावे. आभार मानावेत आणि एकच प्रश्न विचारावा: या कामासाठी माझ्यात नेमके काय कमी वाटले? दहातले सात जण काही सांगणार नाहीत असे धरून चालावे, पण जो सांगेल त्याचे दोन वाक्यांचे उत्तर पुढच्या मुलाखतीला उपयोगी पडेल.

होकार आल्यावरचा काळ तर जास्तच जपण्याचा. फोनवर ‘तुमचे सिलेक्शन झाले’ म्हटले म्हणून राजीनामा देऊ नये. लेटर ऑफ इंटेंट, ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्यात बहुधा फक्त इरादा असतो. दुसऱ्यात पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि अटी असतात, त्यात बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची अट वाचावी. तिसरे रुजू होताना मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. स्वीकारलेली ऑफर हा १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार ठरू शकतो, पण न्यायालये सहसा कंपनीला ‘या माणसाला कामावर घ्याच’ असा आदेश देत नाहीत; नुकसानभरपाईचा मार्ग उरतो आणि तो लांबचा आहे.

ऑफर हातात असूनही पुढे काहीच कळत नाही, असे घडते का? घडते, आणि मोठ्या कंपनीतही. इन्फोसिसने २०२२ मध्ये कॅम्पसमधून निवडलेल्या सुमारे दोन हजार तरुणांची जॉइनिंग दोन वर्षांपर्यंत लांबली. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल, असे कंपनीचे सीईओ सलील पारेख यांनी ऑगस्टमध्ये सांगितले आणि त्यानंतर मुलांना तारखा मिळू लागल्या. यातून उमेदवाराने घ्यायचे ते हे की, ऑफर लेटरवर जॉइनिंगची तारीख नसेल तर ती लेखी मागावी आणि तारीख येईपर्यंत दुसरे काम शोधत राहावे.

या वाट पाहण्याचा फायदा घेणारेही आहेत. मुलाखत दिल्यावर माणूस फोनकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी नामांकित कंपनीच्या लोगोचे ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून येते. लॅपटॉपचे डिपॉझिट किंवा व्हेरिफिकेशन फी म्हणून काही हजार रुपये मागितले जातात. नोकरी देण्यासाठी खरी कंपनी पैसे मागत नाही. पैसे मागितले की संवाद तिथेच थांबवावा, आणि गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करावा.

शेवटी उमेदवारांच्या वागण्याबद्दलही बोलायला हवे. ऑफर स्वीकारून जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद ठेवणारे आज कमी नाहीत, आणि एचआर इतके सावध झाले त्यात या मुलांचाही वाटा आहे. दुसरी नोकरी पक्की झाली, की त्याच दिवशी बाकीच्या कंपन्यांना दोन ओळी लिहून कळवा. त्यातल्या एखाद्या जागेसाठी दुसऱ्या क्रमांकावर थांबवून ठेवलेला कोणीतरी असतो, आणि त्याचा निर्णय तुमच्या त्या ईमेलवर अडलेला असतो.